सायवनपर्यंतचा श्वास

काकांचा श्वास सायवनपर्यंत जायचा. हे मी उगीच कौतुकानं सांगत नाही, स्टँडवरच्या सगळ्यांनी ते घड्याळ लावून पाहिलेलं होतं. डहाणूच्या बसस्टँडवर कंट्रोल केबिनमध्ये मी त्यांच्या हाताखाली रुजू झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी मला बजावण्यात आलं की सायवनची गाडी फलाटाला लागली की केबिनमध्ये कुणी बोलायचं नाही. काका माइक पुढ्यात ओढायचे, छाती भरून श्वास घ्यायचे आणि आशागड, चारोटी, कासा करत, मधले झाडून सगळे फाटे आणि पाडे घेत ती गाडी एका दमात सायवनला नेऊन पोचवायचे. मध्ये थांबणं नाही, आवंढा गिळणं नाही. मग पुन्हा छाती भरायची आणि तोच पाठ गुजरातीत. बाकावरची म्हातारी मंडळी गाडीत चढायचं सोडून ऐकत बसायची, आणि मग त्यांना वेगळं ओरडून सांगावं लागायचं की अहो, ही तुमचीच गाडी आहे.

ते आमचे वरिष्ठ वाहतूक नियंत्रक. पण त्या नावानं त्यांना पगाराच्या स्लिपशिवाय कुणी ओळखत नव्हतं. त्यांच्याहून वयानं मोठे असलेले अधिकारीसुद्धा त्यांना काकाच म्हणत. बुटका बांधा, पिंपासारखी छाती आणि धुरानं पिवळी पडलेली मिशी. घर तलासरीच्या पलीकडे, वेवजीला. तिथून गुजरात म्हणजे परसातलाच, त्यामुळे बोलताना त्यांना आपण मराठीतून गुजरातीत कधी गेलो ते कळत नसे, आणि ऐकणाऱ्यालाही त्याचं काही वाटत नसे.

माइक हाती आला की त्यांना सगळ्या जगाशी बोलावंसं वाटे. "तलासरीची गाडी फलाट दोनवर उभी आहे. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांनी रुमाल परत घ्यावेत, मी बघतोय." किंवा, "ज्यांची छत्री पाण्याच्या टाकीपाशी राहिली आहे त्यांनी ती घेऊन जावी. काडी मोडकी आहे, ती आधीपासूनच मोडकी होती." वरून तक्रार आली की ते आठवडाभर कोरडं कोरडं बोलायचे. मग कुणीतरी नेमकी छत्री विसरायचं.

आता बिडीचं. काकांचा नियम साधा होता: एक गाडी सुटली की एक बिडी. केबिनच्या मागे बदामाचं झाड होतं, त्याच्याखाली उभं राहून ते ती शांतपणे ओढायचे आणि पुढच्या गाडीला परत यायचे. गाडी सुटल्याशिवाय बिडी नाही. त्यामुळे एखादी गाडी दहा मिनिटं रखडली की काकांचा चेहरा बघवत नसे. ड्रायव्हरला ते अशा काही नजरेनं बघायचे की तो चहा अर्धा टाकून स्टेअरिंगवर बसायचा. आमच्याकडचे ड्रायव्हर म्हणत, गाड्या डिझेलवर चालतात हे खोटं आहे, त्या काकांच्या बिडीवर चालतात. दिवसाला किती गाड्या सुटायच्या ते मी इथं सांगत नाही, वाचणाऱ्याला ठसका लागेल.

त्यांचा दुसरा नियम मात्र विचित्र होता. चूक झाली की ती ते माइकवरून सांगायचे. एकदा त्यांनी आशागडच्या एका बाईला गडबडीत तलासरीच्या गाडीत बसवून दिलं. लक्षात आल्यावर पुढची गाडी पकडून स्वतः तलासरीला गेले, तिथं स्टँडवर रडकुंडीला आलेल्या त्या बाईला शोधलं, परत आणलं आणि आशागडला घरी सोडून आले. इथं कुणीही विषय संपवला असता. काकांनी दुसऱ्या दिवसापासून दर गाडीनंतर घोषणा सुरू केली, "काल आशागडच्या प्रवासी बाईंना चुकीच्या गाडीत बसवलं गेलं. चूक बाईंची नव्हती, नियंत्रकाची होती." चार दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी ती बाई स्वतः आली आणि केबिनच्या खिडकीशी हात जोडून म्हणाली, "बाबा, आता पुरे करा. बाजारात लोक मला बोट दाखवून हसतात."

मी त्यांना विचारलं होतं, एवढं कशाला? तर म्हणाले, "पोरी, माझ्या हातून झालं ना? मग मी कमी का भोगू?" तेव्हा मला ते गमतीचं वाटलं. पुढे ह्याच स्वभावापायी ते मरायला टेकले, आणि त्यात माझाही हात होता, म्हणून हे लिहितेय.

सुरुवातीला कासा सुटलं. म्हणजे कासा म्हटल्यावर काका थांबले, एक श्वास घेतला आणि मग सायवनला गेले. बाकावर कुणाच्या लक्षातही आलं नाही, पण आम्ही केबिनमध्ये एकमेकांकडे पाहिलं. काही महिन्यांनी ते चारोटीला थांबायला लागले. मग एक दिवस आशागड म्हणाले आणि पुढे माइकमधून नुसता श्वास ऐकू आला. सगळा स्टँड वर स्पीकरकडे बघत राहिला.

कारण शोधायला कुणाला लांब जावं लागलं नाही. ड्रायव्हर म्हणाले बिडी, कँटीनवाला म्हणाला बिडी, आणि माझं तोंड तर मुळातच फटकळ. मी त्यांना सरळ म्हटलं, "ओढा अजून. आता सायवन काय, फलाट दोनसुद्धा गाठता येणार नाही तुम्हाला." त्यांनी राग मानला नाही. उलट मान हलवून म्हणाले, "बरोबर बोललीस. मीच ओढली, मीच दमणार."

आणि मग त्यांनी बिडी सोडली. ती कशी सोडली तेही त्यांच्याच पद्धतीनं. सकाळची तलासरीची गाडी सुटली आणि स्पीकरवर आवाज आला, "प्रवाशांनी नोंद घ्यावी. आजपासून गाडी सुटल्यावर नियंत्रक बिडी ओढणार नाहीत. कुणाला ओढताना दिसल्यास केबिनमध्ये कळवावं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिला महिना ते बदामाच्या झाडाखाली नुसतेच जाऊन उभे राहायचे, हात कुठं ठेवावा ते त्यांना कळायचं नाही. पण सोडली ती सोडली. तीस वर्षांची सवय त्यांनी एका घोषणेत संपवली.

आम्हाला वाटलं, आता श्वास परत येईल. तो आला नाही. उलट आणखी आखूड झाला.

त्याच सुमाराला स्टँडच्या आवारात आरोग्य शिबिर लागलं. मंडप, चार टेबलं, आणि एका टेबलावर फुंकायचं यंत्र, पुठ्ठ्याची नळी लावलेलं. मी काकांना ढकलतच रांगेत उभं केलं. यंत्रावरच्या माणसानं सांगितलं, "काका, श्वास घ्या आणि फुंका." त्यानं जोरात म्हटलं असेलही, पण मागे तीस माणसं होती आणि शेजारी गाडीचा हॉर्न वाजत होता.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. घोषणा करणारा माणूस श्वास कधी उधळत नाही, तो पुरवतो. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात काकांनी मला ते शिकवलं होतं. सगळा श्वास आशागडला खर्च केलास तर पुढच्या गावांनी काय करायचं, असं म्हणायचे. त्या यंत्रासमोरही त्यांनी तेच केलं. नळी ओठात धरली आणि तेलाची बारीक धार सोडावी तसा श्वास सोडत राहिले, जितका लांबवता येईल तितका. मी शेजारी उभी राहून मनातल्या मनात वाहवा करत होते. त्यांच्या जुन्या कसबाची ती शेवटची झलक आहे असं मला वाटलं.

कागद आला, त्यावर आकडे अगदी खाली. बिडी किती वर्षं, तीस. बस, निकाल लागला: बिडीनं फुप्फुसं अरुंद झाली आहेत, पंप ओढा. छातीला नळी लावून ऐकायला त्या गर्दीत कुणाला सवड नव्हती, आणि कागद हातात असताना आम्हालाही त्याची गरज वाटली नाही. मी तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काकांच्या खणात ठेवला. "बघा, मी म्हणत नव्हते?" हे वाक्यही मी म्हटलं होतं. ते मला अजून आठवतं, आणि आठवलं की माझे कान गरम होतात.

पुढचं दीड वर्ष काका पंप ओढत होते. फरक पडत नव्हता. पण त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही, ह्यावरूनच मला कळायला हवं होतं. एरवी पेनातली शाई संपली तरी तासभर बोलणारा हा माणूस, आणि श्वासाबद्दल चकार शब्द नाही. पूर्वी दुपारी जेवणानंतर ते पंधरा मिनिटं बाकड्यावर आडवे व्हायचे. आता कपाटाला पाठ टेकून बसल्या बसल्या डुलकी काढायला लागले. मी म्हटलं, आडवे व्हा की. म्हणाले, "आडवं झालं की छातीवर कुणीतरी येऊन बसतं." बुटाची नाडी बांधायला वाकले की लालबुंद होऊन वर यायचे. मग बूट सोडून चपला घालायला लागले, कारण संध्याकाळपर्यंत पाय सुजून बुटात मावायचे नाहीत. मोज्याचा वळ पोटरीवर असा खोल उमटायचा की त्यात बोट मावावं. ह्या सगळ्याला आमच्याकडे एकच उत्तर तयार होतं. बिडी. सूज कशानं? दिवसभर उभं राहून. आणि उभं राहून दम का लागतो? बिडी.

एक दिवस तीनची गाडी सुटली आणि काका केबिनमध्ये नव्हते. मी मागे गेले. बदामाच्या झाडाखाली ते उभे होते आणि हातात बिडी होती. पेटवलेली नव्हती.

"काका, हे काय?"

"काही नाही. विचार करतोय." ते दर दोन शब्दांनंतर थांबून श्वास घेत होते. "सोडली, तरी शिक्षा तीच. मग ओढून भोगलेली काय वाईट?"

मला असला संताप आला की मी ती बिडी हिसकावणारच होते. पण त्यांचा चेहरा बघून हात पुढे गेला नाही. त्यांनी सगळं मनात ठरवून टाकलं होतं. गुन्हा केला, शिक्षा झाली, आता ती संपेपर्यंत वाट बघायची. हा माणूस माझ्यादेखत मरायला निघाला होता, अगदी वेळेवर सुटणाऱ्या गाडीसारखा, आणि त्याला तिकीट आम्ही सगळ्यांनी मिळून काढून दिलं होतं.

मी म्हटलं, "एक सौदा करू. एकदा वापीला मोठ्या डॉक्टरांना दाखवू. त्यांनीही बिडीच सांगितलं, तर मी स्वतः तुमची बिडी पेटवून देईन."

त्यांनी बिडी परत खिशात ठेवली. "काडीपेटी तू आणायची," म्हणाले.

वापीला आम्ही तिघं गेलो, काका, काकू आणि मी. काकूंना मी त्याआधी दोन-तीनदाच भेटले होते, आणि वेवजीची ही बाई नवऱ्याहून जास्त बोलते असं ऐकून होते. पण त्या दिवशी गाडीत त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. माझ्या पर्समध्ये काडीपेटी होती, ती वाटेत मला सारखी टोचत होती.

डॉक्टर बाई होत्या, गुजराती. काकांचा जुना कागद बघून त्यांनी बाजूला ठेवला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काका, चत्ता सुई शको छो?" उताणं झोपता येतं का, म्हणून.

"ना बेन," काका म्हणाले, "बेठा बेठा ज." बसल्या बसल्याच.

हा प्रश्न दीड वर्षात त्यांना कुणी विचारला नव्हता. डॉक्टरांनी काकांच्या नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. खळगा तसाच राहिला. मग पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग त्यांच्या माणसानं फुंकायचं यंत्र आणलं. काकांनी नळी ओठात धरून आपली तेलाची धार सुरू केली, तशी डॉक्टरांनी हात वर केला.

"असं नाही, काका. एका झटक्यात, सगळा जोर लावून. विझत्या चुलीत फुंकता ना, तसं."

"असा श्वास उधळायचा नसतो, बेन," काका समजावणीच्या सुरात म्हणाले. "मी तीस वर्षं हेच काम केलंय."

"आधीच्या तपासणीतही असंच फुंकलं होतं?"

काकांनी अभिमानानं मान हलवली. मला मात्र आता कळलं. त्या यंत्राला श्वास किती पुरतो ते बघायचंच नव्हतं, तो पहिल्या क्षणी किती जोरात बाहेर पडतो ते बघायचं होतं. काकांनी आयुष्यभराचं कसब लावून स्वतःची फुप्फुसं होती त्याहून कितीतरी वाईट दाखवली होती, आणि मी शेजारी उभी राहून वाहवा केली होती.

नंतर डॉक्टरांनी काकांना आत नेऊन छातीवर सोनोग्राफीसारखं यंत्र फिरवून हृदयाचं चित्र बघितलं. बाहेर आल्या आणि समोर बसून सांगितलं. काकांना कधीतरी हृदयाचा झटका येऊन गेला होता, कळलासुद्धा नव्हता. हृदय दुबळं झालं होतं, फुप्फुसांतून आलेलं रक्त ते पुढे ढकलू शकत नव्हतं. ते मागे तुंबत होतं आणि त्याचं पाणी फुप्फुसांत झिरपत होतं. म्हणून आडवं झालं की दम, म्हणून पाय सुजतात.

काका ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "म्हणजे पुढची गाडी सुटत नाही, म्हणून फलाटावर गर्दी होते. आणि आम्ही फलाटच झाडत बसलो."

"एकदम बरोबर," डॉक्टर म्हणाल्या.

मी न राहवून विचारलं, "म्हणजे बिडीचं नाही?"

"बिडीचंच. बिडीनं फुप्फुसं खराब केली, ती पूर्ण सुधारणार नाहीत. हृदयाच्या नळ्याही बिडीनंच खराब केल्या. बिडी ओढणारा माणूस दमला की सगळे फुप्फुसांकडे बघतात, तो स्वतःही. हृदयाकडे कुणी बघत नाही. पण आजचा हा दम जास्तकरून हृदयाचा आहे, काका, आणि त्याला औषध आहे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, नुसतं नवल होतं. "औषध आहे म्हणतायत," ते म्हणाले. "मी शिक्षा समजून घेत होतो, पोरी. शिक्षेला कुणी औषध मागतं का?"

मला तिथंच रडू फुटलं. दीड वर्ष मी ह्या माणसाला त्याची चूक सांगत होते, आणि तो आजारी आहे हे एकदाही सांगितलं नव्हतं.

त्यांना चार दिवस ठेवून घेतलं आणि अंगातलं पाणी उतरवलं. पाचव्या दिवशी पाय त्यांचेच दिसायला लागले. गोळ्या सुरू झाल्या, मीठ कमी, पाणी मोजून. लघवीच्या गोळीनं स्टँडवर नवाच घोटाळा झाला. ऐन गाडीच्या वेळी काका गायब, आणि दोन मिनिटांनी स्पीकरवर, "गाडीला झालेला उशीर नियंत्रकाच्या गोळीमुळे आहे, ड्रायव्हरचा दोष नाही." वरून पुन्हा तक्रार आली. बिडीची आठवण मात्र त्यांनी पुन्हा काढली नाही. आणि सायवनला ते दोन श्वासांत जायला लागले, चारोटीला एकदा थांबून. डॉक्टर म्हणाल्या होत्या तसं, जे फुप्फुसांचं गेलं ते गेलंच होतं. काकांनी त्याबद्दल माइकवर काही स्पष्टीकरण दिलं नाही. मला तेच सगळ्यात बरं वाटलं.

मग ते निवृत्त झाले आणि वेवजीला राहिले. तपासणीला वापीला जायचे, येताना मला फोन करायचे आणि डॉक्टरांचं गुजराती किती चांगलं आहे ते सांगायचे. औषधांवर त्यांनी चार वर्षं काढली. गेल्या वर्षी एका दुपारी त्यांचं हृदय थांबलं. मी गेले तेव्हा घरात माणसं होती, स्वयंपाकघरात काकू एकट्या बसल्या होत्या. मी शेजारी बसले. म्हटलं, आधी नेलं असतं तर आणखी काही वर्षं मिळाली असती.

"मिळाली ती चांगली मिळाली, बाय," काकू म्हणाल्या. "ही चार वर्षं आम्ही रोज भांडलो. भाजीवरनं, टीव्हीवरनं, नळाच्या पाण्यावरनं. तू वापीला नेलंस ना, त्याच्या आधी मी बोलणंच बंद केलेलं. मी काही बोलले की ते उत्तर द्यायला तोंड उघडायचे आणि अर्ध्यातच दम जायचा. मग मी दर वेळी जिंकायचे. असं जिंकून काय करायचं सांग? म्हणून मी गप्पच बसले. दीड वर्ष गप्प बसले मी ह्या घरात.

"दवाखान्यातनं आणलं, त्याला आठवडा झाला असेल. मी आपलं सवयीनं काहीतरी टोचून बोलले. आणि ह्यांनी मला सगळं उत्तर दिलं. शेवटपर्यंत. मध्ये थांबले नाहीत. वर माझ्या माहेरचाही उद्धार केला." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "मी मागच्या दारी जाऊन इतकी रडले, इतकी रडले. मला वाटलं, आला बाई माझा माणूस परत."